मताचं आवतन

दारात उभं राहून आत न येण्याचीही एक कला असते. ती मी एकाच माणसाजवळ पाहिली. डावा हात चौकटीवर, उजव्या हाताने खांद्यावरचा दुपट्टा सारखा करायचा, घसा एकदा खाकरायचा आणि घरातल्या कुणाकडेही न पाहता वरच्या गणेशपट्टीला सांगावं तसं म्हणायचं, "आवतन आहे जी." मग कुणाकडचं, कशाचं, घरातल्या किती माणसांनी यायचं, हे सगळं एका दमात. आतून कुणी "या, बसा" म्हटलं, की उत्तर ठरलेलं असे. "मी तं फक्त सांगनारा. बसनारे तुमी."

आवतन म्हणजे जेवणाचं आमंत्रण. वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांना हे सांगावं लागतं, वऱ्हाडातल्यांना आवतन आणि भूक दोन्ही जन्मापासून माहीत असतात. अकोला आणि अमरावती यांच्यामध्ये रेल्वेच्या अंगाला एक कापसाचं गाव आहे, तिथली ही गोष्ट. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथली दोनचार माणसं अजून माझ्याशी बोलतात. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताच्या पदराला बांधलेलं होतं. हुकूम नागपुराहून यायचे आणि आम्ही ते फायलीत लावायचो. मी अकोल्याच्या जठारपेठेतला. मॅट्रिक झालो आणि त्या गावच्या कमिटीत कारकून म्हणून चिकटलो. नगरपालिकेला तेव्हा सगळे कमिटीच म्हणत.

मला खोली मिळाली ती माळीपुऱ्याच्या, म्हणजे माळ्यांच्या वस्तीच्या, तोंडाशी. दारात उभं राहून आवतन देणारे ते गृहस्थ तिथलेच. साऱ्या माळीपुऱ्याचे ते मामा, म्हणून माझेही मामा झाले. वय पन्नाशीच्या पुढे, अंगाने काटक, पायांच्या टाचा मळ्यातल्या मातीने कायमच्या काळ्या. नाल्याच्या काठी त्यांचा एवढासा मळा होता. वांगी, मेथी, सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर, आणि एका बाजूला झेंडू-शेवंती. मामी टोपलं घेऊन बाजारात बसायच्या आणि अर्ध्या बाजाराला पुरेल एवढ्या आवाजात भाव सांगायच्या. मामांचा आवाज मात्र फक्त आवतनापुरताच वर चढत असे.

पुऱ्यात कुणाकडे लग्न असो, बारसं असो की तेरवी असो, आवतन द्यायला मामाच जायचे. हे काम त्यांना कुणी नेमून दिलेलं नव्हतं. त्यांच्या वडिलांनी केलं म्हणून त्यांनी केलं. कुणाच्या घरी आधी जायचं, कुणाचं कुणाशी बोलणं बंद आहे, कोण कुणाच्या पंगतीला बसत नाही, हे सगळं त्यांच्या डोक्यात असे. दोन चुलतभावांमध्ये पहिला मान कुणाचा यावरून वाद होता. भिंतीला भिंत लागून घरं, आणि ज्याच्याकडे मामा दुसऱ्यांदा जातील तो जेवायला यायचा नाही. मामांनी तोड काढली. दोन्ही दारांच्या मधोमध उभे राहिले, तोंड समोरच्या कडुनिंबाकडे केलं आणि मोठ्यांदा एकच आवतन दिलं. दोघेही भाऊ आपल्यालाच आधी सांगितलं असं समजून जेवून गेले.

मामी म्हणायच्या, "साऱ्या गावाले जेवाले बलावते, घरी दोनदा हाका माराव तवा ताटावर येते."

मी नवा होतो तेव्हा माझी झालेली फजिती सांगतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. एका घरी बारसं होतं. सकाळीच मामा माझ्या दारात आवतन देऊन गेले, दुपारी बाराचं जेवण. मी इंग्रजी शाळेत शिकलेला, बाराच्या ठोक्याला हजर. पाहतो तो अंगणात एकही पुरुष नाही. बाया पोळ्या लाटतायत, आणि मला पाहून त्यांनी पदर पुढे ओढले. मामा धावत आले, माझं कोपर धरलं आणि मला थेट माझ्या खोलीवर आणून सोडलं.

"तुमी घरी बसा. मी बलवाले येतो."

मी म्हटलं, पण मी आलोच होतो की.

"आलते, पन बलावल्याबिगर आलते. असं उपाशी मानूस येते. लोक काय म्हनतीन?"

अर्ध्या तासाने ते पुन्हा माझ्या दारात आले. हात चौकटीवर, डोळे गणेशपट्टीवर. "चाला जी, पत्रावळी पडल्या." मग मी त्यांच्या मागून तीच शंभर पावलं चाललो आणि या खेपेला पाहुणा म्हणून जेवलो. तेव्हा मला कळलं की पहिलं आवतन हे नुसतं कळवण्यापुरतं असतं. पानं मांडली की दुसरं बोलावणं येतं आणि त्यावर माणूस उठतो. दुसरं बोलावणं आलं नाही तर धुतलेलं धोतर नेसून, पाण्याचा लोटा जवळ घेऊन माणूस घरात उपाशी बसून राहील, पण आपल्या पायाने जाणार नाही. मला त्याचं फार हसू आलं होतं. जठारपेठेतल्या मित्रांना मी ते पत्रातून लिहूनसुद्धा पाठवलं.

त्या गावात कमिटीची निवडणूक म्हणजे मूठभर लोकांचं काम. मत सगळ्यांना नव्हतंच. ज्याच्या नावावर घर आहे आणि जो घरपट्टी भरतो, त्याचं नाव यादीत. माळीपुऱ्यात अशी चाळीसेक घरं होती, म्हणजे चाळीसेक मतं. आमच्या वॉर्डात एवढे मतदार एका जागी दुसरीकडे कुठेच नव्हते. पण त्याआधीच्या निवडणुकीत तिथून पाच माणसं आली होती, आणि त्यांतली दोन शेजारच्या पोस्टात जायचं म्हणून निघालेली. वर्षानुवर्षं बाजारगल्लीतले लोक आपसात ठरवायचे आणि आमच्या वॉर्डाचा मेंबर होऊन जायचा. यादी माझ्या हातात असायची, म्हणून मला हे टोचायचं. मी मामांना एकदा विचारलं, की तुमचे लोक का येत नाहीत.

"आमाले कोनी बलावलंच नाही," मामा म्हणाले.

मी म्हटलं, दवंडी तर पिटली होती. चांगली तीन दिवस पिटली होती.

"दवंडी काय, गाय हरपली तरी पिटते."

तेही खरं होतं. दवंडी ऐकून जेवायला कोण जातो?

त्या वर्षीची निवडणूक मात्र माळीपुऱ्याच्या जिवावरची होती. नाल्याकाठचे मळे आणि त्याला लागून असलेली त्यांची घरं कमिटीच्या जागेवर होती, पट्ट्याने, म्हणजे ठरावीक मुदतीच्या भाड्याने दिलेली. पट्टा संपत आला होता. जिनाच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, मालकाला ती जागा कापसाच्या गाड्या उभ्या करायला हवी होती. कमिटीतले मेंबर अर्धे इकडे, अर्धे तिकडे. आमच्या वॉर्डाचा मेंबर ज्या बाजूला जाईल त्या बाजूला पट्टा जाणार, हे बाजारातल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं. एका बाजूने जिनाचा मालक स्वतः उभा राहिला, दुसऱ्या बाजूने एक वकील. मळे राहिले पाहिजेत असं वकिलाने सभेत सांगितलं होतं. तेव्हा माळीपुऱ्याने मत कुणाला द्यायचं हा प्रश्नच नव्हता. ते द्यायला येतात की नाही, एवढंच पाहायचं होतं.

वकिलाने माळीपुऱ्यात तासभर भाषण केलं. नागरिकाचं कर्तव्य वगैरे. लोकांनी ते आदराने ऐकलं आणि भाषण संपल्यावर मेथीला पाणी द्यायला निघून गेले. मी कमिटीचा नोकर, बाजू घेणं मला मना. पण मत द्यायला या एवढंच सांगणं म्हणजे काही बाजू घेणं नव्हे, अशी मी मनाची समजूत घातली आणि मामांना म्हटलं, की तुम्ही त्यांना आवतन द्या. तुमचं आवतन आजवर कुणी मोडलेलं नाही.

मामांना ते एकदम पटलं. शेवटी कुणीतरी रीतीने बोललं, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. अक्षता द्यायच्या का, असं त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं, तरी त्यांनी मामींकडून मूठभर तांदूळ हळदीत घोळून घेतलेच. मतदानाच्या आदल्या दिवशी दुपारपासून ते घरोघर फिरले. मी खोलीच्या खिडकीतून ऐकत होतो. "मताचं आवतन आहे जी. उद्या शाळेत. साऱ्यायले या लागते." एकेका दारातून "येतो जी, येतो" असं उत्तर येत होतं. चुलतभावांच्या दारापुढे त्यांनी कडुनिंबालाच सांगितलं. मी मनात म्हटलं, झालं काम. एवढा आनंद मला मॅट्रिकच्या निकालाला झाला नव्हता.

दिवेलागणीला मामा माझ्या दारात उभे राहिले. नेहमीसारखे, बाहेरच.

"बाबू, आवतन झालं. एकबी घर सुटलं नाही. आता उद्या बलावनं किती वाजता देऊ?"

इथे मला थांबावंसं वाटतं. कितीतरी वर्षं मी इथेच येऊन थांबतो. कारण मला सगळं माहीत होतं. बारशाच्या दिवशी ज्याला कोपर धरून परत नेलं होतं, तो मीच ना? पण माझ्या टेबलावर निवडणुकीच्या नियमांची चोपडी होती आणि ती मी अर्धी वाचली होती. मतदानाच्या दिवशी मतदारांना कुणी गळ घालू नये, असं त्यात काहीसं होतं. मी मामांना समजावलं, की उद्या तुम्ही घरोघर जाऊन माणसं उठवून आणलीत, तर समोरची बाजू अर्ज करील आणि सगळी निवडणूक रद्द होईल. एकदा सांगितलंत ते पुष्कळ झालं. आता त्यांचं त्यांना येऊ द्या.

"बलावल्याबिगर येतीन का थे?" त्यांनी एकदाच विचारलं.

"मामा, हे जेवण नाही. हा कायदा आहे," मी म्हणालो.

हे वाक्य म्हणताना मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं. मामांनी मान हलवली. माझ्या शिक्षणावर त्यांचा फार विश्वास होता.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या ओसरीत टेबल मांडलं. अकोल्याहून एक साहेब आले होते, त्यांच्या शेजारी यादी घेऊन मी. सर्वांत आधी मामा आले. नवं धोतर, डोक्याला फेटा. मत दिलं आणि रस्त्यापलीकडे वडाच्या पारावर जाऊन बसले, माळीपुऱ्याच्या वाटेकडे तोंड करून. जिनाच्या मालकाची माणसं सकाळपासून छकड्यांतून येऊ लागली. जिनातले मुनीम, अडते, त्यांचे सोयरे. छकडा यायचा, रिकामा व्हायचा आणि पुढची माणसं आणायला परत जायचा. कायद्याला काही त्याचं वावडं दिसलं नाही. साहेबांनीही काही म्हटलं नाही. तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही, इतका मी माझ्या चोपडीत होतो.

माळीपुऱ्याच्या वाटेवर कुणी नव्हतं. नऊ वाजले, दहा वाजले. बाराच्या सुमाराला मामा ओसरीशी आले. साहेब जेवायला आत गेले होते.

"बाबू, एकबी आला नाही. जाऊ का बलवाले?"

मी मान हलवली. नको म्हटलं. थोडा वेळ वाट पाहा, येतील. ते परत पारावर जाऊन बसले.

वाचकहो, माणसाच्या हातून जी मोठी चूक होते ती करताना हात थरथरत नाही. मी मान हलवली आणि पुढच्या मतदाराचं नाव शोधू लागलो.

चार वाजून गेल्यावर कधीतरी मी वर पाहिलं तर पार रिकामा होता. मामा उठून गेले होते, मला न विचारता. पाच वाजता मतदान संपायचं. पाचला साहेबांनी घड्याळ काढलं, शिपायाने शाळेचं फाटक ओढून घेतलं. आणि फाटकाची कडी लागते न लागते तोच वाटेवर फेटे दिसले. सगळा माळीपुरा येत होता. पुढे मामा, मागे चाळीस माणसं, धुतलेली धोतरं, कपाळाला गंध, एकामागे एक, घाई न करता, लग्नाला निघावं तशी. त्यांतल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाच्या हातात पाण्याचा लोटा होता. मत म्हणजे काय असतं ते त्या बिचाऱ्याला नीट कळलेलं नव्हतं, पण तो आला होता.

साहेब फाटकापाशी जाऊन म्हणाले, वेळ संपली. उशीर का केला?

म्हातारा म्हणाला, "उशीर कुठी केला जी? आमी तं सकायपासून तयार होऊन बसलो. बलावनं आत्ता आलं."

साहेबांना त्यातलं काही कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला सगळं कळत होतं आणि मी खाली यादीकडे पाहिलं. चाळीस नावांपुढे जागा कोरी होती.

वकील नऊ मतांनी पडला.

मग जे व्हायचं ते पायरीपायरीने झालं. पट्टा कमिटीपुढे आला आणि एका मताने गेला. साखळ्या घेऊन मोजणीदार आला. शेवंती फुललेली होती, ती तशीच तुडवली गेली. विहिरीत दगडमाती टाकून ती बुजवली, आणि पाण्याची पाळी कुणाची यावरून ज्यांची दरवर्षी भांडणं व्हायची, ते काठावर उभे राहून नुसते बघत होते. कुणी मोर्शीकडे संत्र्यांच्या बागांत मजुरीला गेले, कुणी अमरावतीला भाजीबाजारात हमाली धरली. मामा-मामी गावातच एका तेल्याच्या पडवीत भाड्याने राहिले. दुसऱ्यांच्या मळ्यातली फुलं विकत घेऊन मामा हार करायचे.

त्या चाळीस घरांनी दोष कुणाला दिला? जिनाच्या मालकाला नाही, वकिलाला नाही आणि मला तर नाहीच. त्यांनी मामांना दिला. मामांनी बोलावणं वेळेवर दिलं नाही, एवढंच सगळ्यांना माहीत होतं. जी घरं गावात उरली होती, त्यांच्याकडे त्यानंतर लग्नं झाली, बारशी झाली. आवतन द्यायला दुसरा माणूस फिरू लागला. तो दारातून आत येऊन पाटावर बसून आवतन द्यायचा. मामा कुणाच्या पंगतीलाही दिसेनासे झाले. कुणी बोलावलं नसेल, किंवा बोलावलं असेल तर एकदाच.

पुढे मी ती चोपडी पुन्हा काढली. या खेपेला शेवटपर्यंत वाचली. मनाई होती ती मतदानाच्या जागेपाशी, ठरावीक अंतराच्या आत, कुणी मतं मागू नयेत, एवढीच. घरी जाऊन चला म्हणायला काहीच हरकत नव्हती. अर्ध्या पानाचा फरक होता.

मी पडवीत गेलो आणि मामांना सगळं सांगितलं. म्हटलं, मी आत्ता जाऊन सगळ्यांना सांगतो, की मामा दोनदा विचारायला आले होते आणि मीच अडवलं. मामी चुलीपाशी होत्या. त्यांचा हात थांबला. मामा हाताने हार ओवतच होते.

"तुमी सांगसान, तं कारकुनानं मतात हात घातला म्हनून तुमची नोकरी जाईन," ते म्हणाले. "माह्यं काय जाईन? जे जायाचं थे गेलं."

मी पुन्हा म्हटलं, पण ते तुम्हाला बोल लावतात.

"लावू द्या. आवतन मीच देल्लं होतं ना."

मी ऐकलं. म्हणजे मी त्यांचं ऐकलं असं म्हणायला मला सोयीचं पडलं. घरी आई होती, दोन बहिणींची लग्नं व्हायची होती, ही कारणं खरी आहेत. पण मी गप्प बसलो हेही तेवढंच खरं आहे, आणि हे मी आज पहिल्यांदा लिहितो आहे. त्या दिवशी परत येताना मला वाटेत रडू आलं. ते मामांसाठी होतं की सुटल्याचं होतं, मला आजही सांगता येत नाही.

तीन वर्षांनी निवडणूक पुन्हा आली. तिच्या आधी यादी दुरुस्त करायची असते. ज्याचं घर गेलं त्याची घरपट्टी गेली, आणि घरपट्टी गेली की नाव गेलं. माळीपुऱ्याची सगळी नावं एकाखाली एक होती. ते काम माझंच होतं. लाल शाई घेऊन मी एकेका नावावर पट्टी धरून रेघ ओढली. पूर्वी त्या लोकांना मत होतं आणि ते येत नव्हते, आता आले असते तर मत नव्हतं. मामांच्या नावावर रेघ ओढताना मी पट्टी धरली नाही. का, ते माहीत नाही. रेघ वाकडी आली.

मतदानाच्या दिवशी तीच शाळा, तीच ओसरी. वकील पुन्हा उभा होता. सकाळी फाटक उघडलं आणि पाहतो तो रांगेत चौथ्या जागी मामा. फेटा तोच, धुऊन विटलेला. माझ्या टेबलाशी आले तेव्हा मी त्यांच्याकडे पाहू शकलो नाही. हलक्या आवाजात म्हटलं, की मामा, तुमचं नाव नाही.

"मालूम आहे," ते म्हणाले आणि बाजूला झाले.

थोड्या वेळाने ते पुन्हा रांगेच्या शेवटी उभे दिसले. सरकत सरकत पुन्हा टेबलाशी आले. मी पुन्हा नाही म्हटलं, ते पुन्हा बाजूला झाले आणि पुन्हा मागे जाऊन उभे राहिले. तिसऱ्या खेपेला साहेब वैतागले. वेडा आहे का हा, म्हणाले. बाहेर घालवा त्याला. नाव नसलेल्या माणसाने रांगेत उभं राहायचं नाही, असा नियम असेल.

मी म्हटलं, "नाही साहेब, तसा नियम नाही. मी सगळी चोपडी वाचली आहे."

दुपारी गर्दी जरा कमी झाली तेव्हा मी पाणी प्यायला म्हणून उठलो आणि मामांना गाठून विचारलं, की कशाला हे सारखं सारखं? उन्हात पाय दुखतील.

ते रस्त्याच्या कोपऱ्याकडे पाहत होते. तिथे बाजारगल्लीतले दोघं-तिघं शिंपी येऊन थबकले होते, जावं की परतावं अशा बेतात.

"मोकळी शाळा पायली का लोक फिरून जातेत, बाबू," मामा म्हणाले. "चार मानसं उभी दिसली का पाचवा येते. माह्यं मत नाही, पन चौथा मानूस तं मी हाओ."

ते शिंपी आले. मामांच्या मागे उभे राहिले. त्यांच्या मागे एक तेली आला, मग पोस्टाच्या बाजूने आणखी दोघे. दिवसभर ती रांग कधी चार माणसांच्या खाली गेली नाही. मामा कितीदा टेबलाशी आले ते मी मोजलं नाही. दर वेळी मी यादी उघडायचो आणि वरून खाली बोट फिरवत न्यायचो, जितकं हळू नेता येईल तितकं हळू. ते शांतपणे उभे राहायचे. मी नाही म्हणायचो, ते "बरं" म्हणायचे.

त्या खेपेला आमच्या वॉर्डात पूर्वी कधी झालं नव्हतं एवढं मतदान झालं, आणि वकील निवडून आला. मळ्यांच्या जागी तोवर कापसाच्या गाड्यांचा पक्का अड्डा झाला होता, तो काही हलला नाही. वकिलाने सगळ्यांना पेढे वाटले. मामांना कुणी दिला की नाही, मी विचारलं नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मामा-मामी मोर्शीला मुलीकडे गेले. पावसाळ्याच्या आत मामा वारले. निरोप आणला तो संत्री घेऊन आलेल्या माळीपुऱ्यातल्याच एका माणसाने. माझ्या टेबलाशी उभा राहून त्याने सांगितलं, पाणी मागितलं, प्यायला आणि गेला. कमिटीत कुणी वारल्याची खबर आली, की यादी काढून त्याच्या नावावर रेघ ओढायची, हे माझं काम होतं. सवयीने मी यादी काढली, माळीपुऱ्याचं पान उघडलं, लाल शाईत टाक बुडवला. त्यांच्या नावावर माझ्या हातची रेघ आधीच होती. मी टाक पुसून ठेवला. त्यांच्यासाठी करायचं माझ्याकडे काहीच उरलं नव्हतं.